‘पार्सली’ची नावे : युरोपीय भाषांतील एका वनस्पतिनामाचा प्रवास

१. विषयप्रवेश

वनस्पतींची नावे हा व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने जितका उपयुक्त तितकाच फसवा विषय आहे. एखाद्या वनस्पतीचे नाव अनेक भाषांत थोड्याफार फरकाने एकच आढळले, की ती वनस्पती त्या नावाबरोबर एका देशातून दुसऱ्या देशात गेली असावी असे अनुमान सहज काढले जाते. हे अनुमान पुष्कळदा खरे ठरते. अननस, पपई, बटाटा हे शब्द मराठीत पोर्तुगिजांच्या मार्गाने आले आणि त्या वस्तूही त्याच मार्गाने आल्या. परंतु नाव आणि वस्तू यांचे प्रवास प्रत्येक वेळी बरोबरच झालेले असतात असे नाही. पुष्कळदा वस्तू जुनीच राहते व नाव नवे येते; पुष्कळदा नाव टिकते व त्याखालची वस्तू बदलते. इंग्रजीत ‘पार्सली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पालेभाजीच्या युरोपीय नावांचा इतिहास हे या दोन्ही प्रकारांचे उत्तम उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्या नावांचा उगम, त्यांच्या रूपांतराची कारणे आणि त्या रूपांतराचा भाषिक समाजांशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

ही वनस्पती कोथिंबीर, ओवा, जिरे, बडीशेप यांच्याच कुळातील असून तिचा फुलोरा याच कुळाच्या रीतीने छत्रीसारखा असतो. पानांचा वास व चव निराळी असली, तरी युरोपीय स्वयंपाकात तिचा उपयोग साधारणतः कोथिंबिरीसारखाच होतो.

२. ‘सेलिनोन’ : दलदलीतील आणि खडकावरील

या नावाचा पहिला धागा ग्रीक ‘सेलिनोन’ या शब्दापाशी मिळतो. हा शब्द फार प्राचीन आहे. मायसीनी येथील मृत्पट्टिकांवर मसाल्यांच्या ज्या याद्या आहेत, त्यांत धने, जिरे, बडीशेप, तीळ यांच्या नावांबरोबर ‘से-रि-नो’ असा एक शब्द येतो. या पट्टिका इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातील असून त्या ‘रेखालिपी ब’ या लिपीत आहेत. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी या लिपीची उकल केल्यानंतरच त्या वाचता आल्या. या लिपीत ‘र’ व ‘ल’ यांना वेगळी चिन्हे नाहीत व शब्दान्तीचा ‘न्’ लिहिला जात नाही. म्हणून ‘से-रि-नो’ हे ‘सेलिनोन’चेच लेखन होय. ‘रलयोरभेदः’ हे वचन जाणणाऱ्या वाचकास यात नवल वाटणार नाही. मात्र येथील अभेद उच्चारातला नसून लिपीतला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. खुद्द ‘सेलिनोन’ची निश्चित व्युत्पत्ती लागलेली नाही.

होमरच्या ‘इलियड’मध्ये हीच वनस्पती दलदलीत वाढणारी व घोड्यांचे खाद्य म्हणून येते. यावरून मूळचे ‘सेलिनोन’ म्हणजे आजची पार्सली नव्हे, तर ओलसर जमिनीत उगवणारी रानटी सेलरी, हे उघड होते. ग्रीक जीवनात या वनस्पतीला दुहेरी स्थान होते. नेमेआ येथील क्रीडामहोत्सवात विजेत्याच्या मस्तकी तिचा मुकुट चढवीत. तसेच मृतांच्या थडग्यांवरही ती वाहत. असाध्य रुग्णाविषयी ‘याला आता सेलिनोनच हवे’ अशा अर्थाची म्हण रूढ होती. तिमोलेओन या सेनापतीच्या चरित्रात प्लुटार्कने सांगितलेला एक प्रसंग या दुहेरी अर्थावरच उभा आहे. युद्धाच्या वाटेवर सेलिनोनने लादलेली खेचरे समोर आली, तेव्हा सैनिकांना तो अपशकुन वाटला. तिमोलेओनने त्यांना विजेत्याच्या मुकुटाची आठवण करून दिली व त्याच पानांचा मुकुट स्वतःच्या मस्तकी घातला. सिसिली बेटावरील सेलिनुस या ग्रीक नगरीचे नावही याच वनस्पतीवरून पडले असून तिच्या नाण्यांवर सेलिनोनचे पान कोरलेले असे.

एका वनस्पतीचे नाव रूढ झाले, म्हणजे तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वनस्पतींना त्याच नावामागे विशेषण लावून संबोधण्याची प्रवृत्ती सर्व भाषांत आढळते. ग्रीकांनी असेच केले. दलदलीतील, डोंगरी, घोड्याचे अशी सेलिनोनची भिन्न नावे तयार झाली. त्यांपैकी ‘पेत्रोसेलिनोन’, म्हणजे खडकावरील सेलिनोन, हे पुढे सर्वांत दूर गेले. मूळ वनस्पती पाणथळ जागेची असल्यामुळेच ‘खडकावरील’ या विशेषणाला अर्थ होता. ते भेद दाखविण्यासाठी योजले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिओस्कोरिदेस या वैद्याने आपल्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात पेत्रोसेलिनोन मॅसिडोनियातील कड्याकपारींत उगवते असे म्हटले आहे. त्याच्या वर्णनातील वनस्पती कोणती, याबद्दल अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचा कल आजच्या पार्सलीपेक्षा ‘अथामांटा मॅसेडोनिका’ या तिच्या दुसऱ्या एका आप्त वनस्पतीकडे आहे. हे मत स्वीकारल्यास असे म्हणावे लागते, की जगभर पसरलेले हे नाव ज्या वनस्पतीसाठी प्रथम योजले गेले, तिला ते आज उरलेले नाही.

३. लॅटिनमधील दोन शब्द

रोमन लोकांजवळ सेलिनोनसाठी ‘आपिउम’ हा स्वतःचा शब्द होता. ‘पेत्रोसेलिनुम’ हा त्यांनी ग्रीकांकडून, मुख्यतः वैद्यकाच्या मार्गाने, घेतलेला शब्द. सातव्या शतकातील सेव्हिलचा बिशप इसिदोर याने आपल्या व्युत्पत्तिकोशात या दोन्ही शब्दांचा उलगडा केला आहे. विजेत्यांच्या मस्तकावर ही वनस्पती धारण करीत, म्हणून मस्तक या अर्थाच्या ‘आपेक्स’ शब्दापासून ‘आपिउम’ आला, हे त्याचे मत आज कोणी मानणार नाही. परंतु ‘पेत्रोसेलिनोन’ला लॅटिनमध्ये ‘पेत्रापिउम’ म्हणता येईल, ही त्याची सूचना मार्मिक होती. कारण तिच्यात समासाचे दोन्ही अवयव त्याने अचूक ओळखले होते. १७५३ मध्ये लिनीअसने या वनस्पतीला ‘एपियम पेट्रोसेलिनम’ असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा लॅटिन व ग्रीक दोन्ही शब्द शेजारी आले. अर्थ लक्षात घेता हे नाव ‘सेलिनोन खडक-सेलिनोन’ असे द्विरुक्त होते. आज ती ‘पेट्रोसेलिनम क्रिस्पम’ या नावाने ओळखली जाते.

मध्ययुगाच्या आरंभी हे दोन शब्द दोन निरनिराळ्या वनस्पतींचे वाचक म्हणून स्थिर झालेले दिसतात. शार्लमान याच्या काळातील, म्हणजे इ. स. ८०० च्या सुमाराच्या, राजकीय मळ्यांविषयीच्या आज्ञापत्रात बागेत लावावयाच्या वनस्पतींची मोठी यादी आहे. तीत आपिउम व पेत्रोसेलिनुम या दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख येतो. पुढे आपिउमपासून स्पॅनिश ‘आपिओ’, पोर्तुगीज ‘आयपु’, फ्रेंच ‘आश’ व जर्मन ‘एपिश’ ही रूपे निघाली. यांतील फ्रेंच व जर्मन शब्दांचे क्षेत्र कालांतराने आक्रसले, कारण इटलीत लागवडीने सुधारलेली सेलरी सतराव्या शतकात उत्तरेकडे आली आणि ती आपले नाव घेऊन आली. लोंबार्दीच्या बोलीतील ‘सेलेरि’, त्यावरून फ्रेंच ‘सेलरी’ व त्याच्या द्वारे इंग्रजी व जर्मन रूपे, अशी ही परंपरा आहे. ‘सेलेरि’ हाही ग्रीक ‘सेलिनोन’चाच वंशज. इटालियन प्रमाणभाषेतील ‘सेदानो’ हा तिसरा. रानटी वनस्पतीला जुने नाव राहिले व तिच्याच लागवडीच्या जातीला नवे मिळाले. येथे नाव व वस्तू बरोबर चालली.

४. बोलीचा मार्ग आणि मठांचा मार्ग

‘पेत्रोसेलिनुम’चे पश्चिम युरोपातील वंशज पाहिले, तर त्यांचे दोन गट पडतात. मराठी परिभाषेत सांगावयाचे तर एक गट तद्भवांचा आहे व दुसरा तत्समांच्या जवळचा आहे.

फ्रेंच शब्द तद्भव आहे. लोकभाषेतील लॅटिनमध्ये ‘पेत्रोसिलिउम’ असे रूप झाले होते. फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधील ‘त्र’ या जोडाक्षरातील ‘त्’चा लोप होतो. ‘पेत्रा’ (खडक) याचे ‘प्येर’ होते, ‘पात्रेम’ (पित्यास) याचे ‘पेर’ होते. त्याच नियमाने ‘पेत्रोसिलिउम’चे ‘पेरेसिल’ व पुढे ‘पेर्सिल’ झाले. आज त्याचा अंत्य ‘ल्’ लिहिला जातो, पण बहुधा उच्चारला जात नाही. इटालियन ‘प्रेत्त्सेमोलो’मध्ये विपर्ययाचे सुंदर उदाहरण आहे. मूळ शब्दातील ‘र्’ पहिल्या अक्षरात गेला, ‘ल्’ व ‘न्’ यांनी परस्परांच्या जागा घेतल्या आणि ‘न्’चा ‘म्’ झाला.

जर्मन ‘पेटरझीलिए’ याच्या उलट आहे. लॅटिनमधून फार पूर्वी आलेल्या शब्दांच्या आद्य ‘प्’चा उच्च जर्मनमध्ये ‘प्फ्’ होतो. मूळ संस्कृत ‘पिप्पली’पासून ग्रीकद्वारा लॅटिनमध्ये गेलेला ‘पिपेर’ जर्मनमध्ये ‘प्फेफर’ झाला, तो याच नियमाने. ‘पेटरझीलिए’चा ‘प्’ मात्र अविकृत आहे. तेव्हा हा शब्द त्या ध्वनिपरिवर्तनानंतर आला असावा, किंवा मठांतील बागा व वैद्यकाची हस्तलिखिते यांतून लेखी लॅटिनचा त्याला सतत आधार मिळत असावा. दोन्ही पक्षी शब्दाचा मार्ग विद्वानांचा ठरतो.

इंग्रजीत दोन्ही प्रवाह एकत्र आले. प्राचीन इंग्रजीत ‘पेटरसिलिए’ हे लॅटिननिकट रूप होते. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ‘पेरेसिल’ आला. दोहोंच्या मिश्रणातून मध्य इंग्रजीतील ‘पेर्सेली’ व त्यावरून ‘पार्सली’ सिद्ध झाला. ‘र्’पूर्वीच्या ‘ए’चा ‘आ’ होणे ही इंग्रजीतील परिचित घटना आहे. ‘पर्सन’ व ‘पार्सन’ ही जोडी त्याच घटनेची साक्ष देते.

५. लोकव्युत्पत्ती

ज्या भाषांत ‘त्’ टिकला, त्या भाषांत या शब्दाच्या पूर्वार्धात संत पीटरचे नाव ऐकू येऊ लागले. ख्रिस्ती समाजात हे नाव घरोघरी होते. ग्रीक ‘पेत्रा’ कोणाच्या कानी नव्हता. ‘पीटर’ हे नावही ग्रीक ‘पेत्रोस’ म्हणजे दगड या शब्दापासूनच आलेले आहे. लोकव्युत्पत्ती अशा रीतीने नकळत मूळ धातूच्या जवळ जाऊन पोहोचली, हा योगायोग होय.

स्लाव्ह भाषांत ही प्रवृत्ती सर्वांत पुढे गेली. पोलिश ‘प्येत्रुश्का’ व रशियन ‘पेत्रुश्का’ ही रूपे लघुत्वदर्शक प्रत्यय लागून बनली आहेत. रशियन शब्द तर ‘प्योत्र’ या पुरुषनामाच्या लाडक्या रूपाशी तंतोतंत जुळतो. रशियातील लोकप्रिय बाहुलीनाट्याच्या विदूषकाचे नावही ‘पेत्रुश्का’च. स्त्राविन्स्कीची १९११ मधील नृत्यनाटिका त्याच विदूषकावरची आहे. हंगेरियन ‘पेत्रेझेयेम’चा उत्तरार्ध त्या भाषेतील रेशीमवाचक ‘शेयेम’ शब्दाच्या जवळ येऊन थांबला आहे. फ्रेंचमध्ये मात्र ‘त्’च्या लोपामुळे शब्द अपारदर्शक झाला आणि पीटरच्या नावाचा शिरकाव होण्यास जागाच उरली नाही. लोकव्युत्पत्ती ही निव्वळ अज्ञानाची करामत मानली जाते. तिला वाव कोठे मिळावा हे ध्वनिनियमच ठरवितात, हे या तुलनेवरून दिसून येते.

कथावाङ्मयात या शब्दाचे आणखी एक रूपांतर घडले. बासिले याच्या नेपल्सच्या बोलीतील कथासंग्रहात (१६३४–३६) गरोदर स्त्री राक्षसिणीच्या बागेतून पार्सली चोरते व तिच्या मुलीचे नाव ‘पेत्रोसिनेल्ला’ पडते, अशी कथा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मादमोआझेल द ला फोर्स हिने तशीच कथा फ्रेंचमध्ये लिहिली, तेव्हा नायिका ‘पेर्सिनेत’ झाली. १७९० मध्ये फ्रीड्रिख शुल्ट्स याने ती जर्मनमध्ये आणताना वनस्पतीच बदलली व सॅलडमध्ये खाल्ली जाणारी ‘रापुन्त्सेल’ ही भाजी घेतली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहामुळे हेच नाव अजरामर झाले. कथा टिकली, पण तिच्यातील वनस्पती व नाव ही दोन्ही गेली.

६. मॅसिडोनियाचा वळसा

आतापर्यंत पाहिलेली सर्व नावे ‘खडक’ या अवयवावर उभी आहेत. आग्नेय युरोपात मात्र एक अगदी वेगळी मालिका आहे. उत्तम पेत्रोसेलिनोन मॅसिडोनियाचे, ही दिओस्कोरिदेसच्या काळापासूनची समजूत होती. अशा वेळी विशेष्य गळून विशेषण उरते. मध्ययुगीन ग्रीकमध्ये ‘माकेदोनिसि’ म्हणजे ‘मॅसिडोनियाची’ एवढेच म्हटले जाऊ लागले. हा शब्द अरबीत ‘मकदूनिस’ व ‘बकदूनिस’ झाला. तुर्कीत त्याचे ‘मायदानोझ’ झाले. उस्मानी सत्तेच्या शतकांत तो बाल्कनमध्ये पसरला : बल्गेरियन ‘मागदानोझ’, अल्बेनियन ‘मायदानोझ’. अखेर ग्रीकांनीही ‘माइन्दानोस’ हे रूप स्वीकारले. ज्या भाषेतून शब्द निघाला, त्याच भाषेत तो परका होऊन परतला. आणि ‘माइन्दानोस’ म्हणणाऱ्या सामान्य ग्रीकास त्यात मॅसिडोनियाचे नाव ऐकू येत नाही.

‘पेत्रो’-वर्गीय व ‘माकेदो’-वर्गीय शब्दांमधील रेषा नकाशावर काढली, तर ती उस्मानी साम्राज्याच्या सीमेशी सर्वस्वी जुळत नाही. सर्बियन ‘पेर्शुन’ व रोमानियन ‘पत्रुंझेल’ यांनी तुर्की शब्दास वाट दिली नाही. शब्दसीमा राजसीमेच्या मागोमाग जाते असे सरसकट विधान करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. या दोन वर्गांबाहेरही नावे आहेत. पोर्तुगीज ‘सालसा’ हा मूळचा चटणी किंवा रस्सा या अर्थाचा शब्द उपयोगावरून वनस्पतीला लागला.

७. ‘पेरेखिल’

स्पॅनिश शब्द शेवटी घेण्याचे कारण, त्याच्या उच्चाराला विसाव्या शतकात एक भीषण महत्त्व आले. स्पॅनिशमधील जुने रूप ‘पेरेशिल’ असे ‘श’कारयुक्त होते. सोळाव्या–सतराव्या शतकांत स्पॅनिशमधील हा तालव्य ऊष्म वर्ण मुखाच्या मागील भागाकडे सरकला व ‘ख’सारख्या घर्षक ध्वनीत परिणत झाला. ‘दोन किखोते’ हे नाव फ्रेंचमध्ये आजही ‘किशोत’ असे उच्चारले जाते, ते जुन्या उच्चाराचे अवशेष होय. अशा रीतीने ‘पेरेशिल’चा ‘पेरेखिल’ झाला. त्यातील मधला ‘र’ जिभेच्या टोकाच्या एका आघाताने उच्चारला जातो.

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्व भागात स्पॅनिश वसाहत होती व पश्चिम भागात फ्रेंच. पश्चिमेस गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वापरातून हैतीची क्रिओल भाषा घडली. तीत फ्रेंच ‘पेर्सिल’चे रूप ‘पेसी’ असे झाले. अक्षराच्या अंती येणारा ‘र्’ तिच्यात लुप्त होतो. एकाच ग्रीक समासाचे दोन वंशज, ‘पेरेखिल’ व ‘पेसी’, एका बेटावर शेजारी आले. एकात सर्व व्यंजने ठाशीव, दुसऱ्यात अर्धी गळालेली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये डोमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रुखियो याच्या आज्ञेवरून सीमाप्रदेशातील हैतीवंशीयांची कत्तल करण्यात आली. मृतांच्या संख्येचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या वरपर्यंत आहेत. पार्सलीची जुडी दाखवून सैनिक ‘हे काय?’ असे विचारीत आणि ‘पेरेखिल’मधील ‘र’ व ‘ख’ नीट न उच्चारणारास ठार करीत, अशी या कत्तलीची प्रसिद्ध हकीकत आहे. ही परीक्षा किती सर्रास वापरली गेली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सीमाभागातील अनेक हैतीवंशीय तेथेच जन्मलेले होते व त्यांना स्पॅनिश उत्तम येत होते. शेजाऱ्यांपासून त्यांना वेगळे काढण्यास उच्चाराची कसोटी अपुरीच होती. इंग्रजीत ही घटना ‘पार्सली मॅसकर’ या नावाने ओळखली जाते. डोमिनिकन स्पॅनिशमध्ये तिला ‘एल कोर्ते’ म्हणजे छाटणी म्हणतात व क्रिओलमध्ये ‘कूत कूतो’ म्हणजे सुरीचा वार. ज्यांच्यावर वार झाले त्यांच्या भाषेतील नावात वनस्पतीचा उल्लेख नाही.

बायबलमधील ‘शिब्बोलेथ’ या शब्दावरून अशा उच्चारकसोट्यांना भाषाशास्त्रात तेच नाव मिळाले आहे. त्या कथेतही ‘श’ व ‘स’ यांच्या भेदावर बेचाळीस हजार माणसे मारली गेल्याचे सांगितले आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. ‘पेत्रोसेलिनोन’ हे नाव प्रथम ज्या वनस्पतीस होते, तिची ओळखच आज संशयित आहे. म्हणून नावाच्या साम्यावरून वनस्पतीचा प्रसार सिद्ध करताना स्वतंत्र पुरावा हवा. या नावाची निरनिराळी रूपे कोणत्या मार्गाने शब्द गेला त्याची खूण बाळगतात : फ्रेंच रूपात अखंड बोलीची, जर्मन रूपात मठांची, तुर्की व अर्वाचीन ग्रीक रूपांत साम्राज्याची व बाजारपेठांची. या खुणा ध्वनिनियमांच्या साहाय्यानेच वाचता येतात.

राहता राहिली गोष्ट १९३७ ची. ‘पेरेखिल’ हा शुद्ध उच्चार आणि ‘पेसी’ हा अशुद्ध, असा भेद व्युत्पत्तिशास्त्र जाणत नाही. ‘पेसी’मधील ‘र्’चा लोप जितका नियमबद्ध आहे, तितकाच ‘पेरेखिल’मधील ‘त्’चा लोपही आहे, आणि ज्या ‘ख’वरून माणसे ओळखण्यात आली, तो स्पॅनिशमध्येही चारशे वर्षांपेक्षा फार जुना नव्हता. दोन्ही उच्चार एकाच शब्दाची दोन वळणे होत. त्यांच्यात श्रेष्ठकनिष्ठ भाव शोधणाऱ्यास शब्दांच्या इतिहासात आधार मिळत नाही, एवढे भाषाभ्यासकाने निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.